उत्पत्तीची कथा, मानवाचे एकत्व आणि शालेय शिक्षण : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

सजीवसृष्टी आणि मानव यांची उत्पत्ती कशी झाली, हा प्रश्न शाळेच्या वर्गात येतो तेव्हा त्याची मांडणी बहुधा ‘धर्म विरुद्ध विज्ञान’ अशी केली जाते. एका बाजूस श्रद्धाळू समाज आणि दुसऱ्या बाजूस श्रद्धाहीन वैज्ञानिक असे चित्र त्यातून उभे राहते. हे चित्र मुख्यतः अमेरिकेतील घडामोडींवरून तयार झाले आहे. १९२५ साली टेनेसी राज्यातील डेटन येथे जॉन स्कोप्स या शिक्षकावर चाललेला खटला हा त्याचा प्रसिद्ध आरंभबिंदू होय. परंतु खुद्द अमेरिकेचा इतिहासही या चित्रात पूर्णपणे बसत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हे श्रद्धावान ख्रिस्ती असून डार्विनचे खंदे समर्थक होते, तर त्याच विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ लुई अगासी यांनी ईश्वरी निर्मितीच्या भूमिकेवरून उत्क्रांतीला विरोध केला. विशेष म्हणजे मानवाचे विविध वंश स्वतंत्रपणे निर्माण झाले, असे अगासी मानत. ईश्वराच्या अस्तित्वाविषयी या दोघांत मतभेद नव्हता. साऱ्या मानवजातीचे मूळ एक आहे की अनेक, हा प्रश्न मात्र त्यांच्या वादात अटळपणे गुंतलेला होता.

महाराष्ट्रातील वादाचे स्वरूप समजून घेण्यासाठी हा मुद्दा मार्गदर्शक ठरतो. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांचा परिसर आणि त्याला व्यापून असलेला मराठी विचारव्यवहार यांचा मागोवा घेतला असता असे दिसते की, उत्पत्तीविषयीचा वाद येथे प्रामुख्याने श्रद्धावंतांमध्येच झाला. सृष्टीला कर्ता आहे काय, यापेक्षा सर्व माणसांचे मूळ एक आहे काय आणि ते मुलांना कोणी व कसे शिकवावे, हे प्रश्न त्यात अधिक कळीचे होते. प्रस्तुत लेखात या विधानाची ऐतिहासिक क्रमाने तपासणी केली असून, शालेय अभ्यासक्रमातील उत्क्रांतीच्या स्थानाचा विचार त्याच्या प्रकाशात केला आहे.

परिसरातील श्रद्धापरंपरा

कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या या दोन तालुक्यांत एकच एक धर्मपरंपरा कधीही नव्हती. नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेखात इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन केलेले असून अश्वमेध, राजसूय आदी वैदिक यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणांची नोंद आहे. याच घाटमार्गाच्या माथ्यावरील जुन्नर नगराभोवती मानमोडी, शिवनेरी, तुळजा व लेण्याद्री या डोंगरांत दोनशेहून अधिक शैलगृहे कोरली गेली. ती बहुतांशी बौद्ध आहेत. मानमोडीच्या अंबा-अंबिका गटात पुढे जैन मूर्ती आल्या आणि लेण्याद्रीच्या एका विहारात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज प्रतिष्ठित झाला.

उत्पत्तीच्या प्रश्नाशी या इतिहासाचा थेट संबंध आहे. बौद्ध आणि जैन या दोन्ही परंपरा सृष्टिकर्त्या ईश्वराची कल्पना स्वीकारत नाहीत. दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तात, ब्राह्मण हे ब्रह्मदेवाच्या मुखातून जन्मले म्हणून श्रेष्ठ होत, या दाव्याचे बुद्धाने खंडन केले आहे. ब्राह्मण स्त्रियाही इतर स्त्रियांप्रमाणेच प्रसूत होतात, हे तेथे साध्या अनुभवाच्या आधारे दाखविले असून, चार वर्ण समाजात क्रमाक्रमाने उद्भवल्याचे सांगितले आहे. म्हणजे उत्पत्तीच्या कथेतून सामाजिक उच्चनीचता सिद्ध करणे आणि त्या सिद्धतेला धार्मिक भूमिकेवरूनच आव्हान देणे, या दोन्ही गोष्टी भारतीय परंपरेत फार जुन्या आहेत.

मध्ययुगीन भक्तिपरंपरेनेही या परिसरात खोल मुळे धरली. ओतूर येथे बाबाजी चैतन्य यांची समाधी असून तुकारामांचे गुरू म्हणून वारकरी परंपरा त्यांना मानते. आळे येथे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले अशी श्रद्धा आहे, त्या रेड्याची समाधी आहे आणि लोक तिच्या दर्शनास जातात. पश्चिमेकडील डोंगराळ भागात महादेव कोळी व ठाकर समाज वाघोबाला भजतात. आंबेगाव तालुक्यातील आहुपे व भीमाशंकरच्या रानात देवराया राखलेल्या आहेत. चौऱ्यांशी लक्ष योनींची कल्पना तर सर्वांच्या बोलण्यात रुजलेली आहे. मनुष्य आणि इतर प्राणी यांच्यात नाते आहे, हा विचार अशा समाजाला मुळातच अपमानास्पद वाटण्याचे कारण नाही. युरोप-अमेरिकेत ‘माणूस माकडापासून झाला’ हे वाक्य ज्या कारणाने बोचले, ते कारण येथे त्याच स्वरूपात उपस्थित नव्हते. येथे विरोध उद्भवला तो शब्दप्रामाण्याच्या आणि कुलपरंपरेच्या अंगाने.

पुराण, सिद्धांत आणि शाळा : १८३६-३७ मधील वाद

डार्विनचे नाव महाराष्ट्रात पोहोचण्यापूर्वीच शालेय ज्ञान आणि धर्मग्रंथ यांच्या संबंधाचा प्रश्न खगोलाच्या निमित्ताने उभा राहिला होता. भोपाळचे पोलिटिकल एजंट लान्सेलॉट विल्किन्सन यांनी सिहोर येथील पाठशाळेत भारतीय ज्योतिषसिद्धांतांच्या साहाय्याने कोपर्निकसची विश्वरचना शिकविण्याचा उपक्रम चालविला होता. त्यांच्या वर्तुळातील दक्षिणी पंडित सुबाजी बापू यांनी १८३६ साली मराठीत ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ सिद्ध केला. पुराणांतील मेरुपर्वत मध्ये असलेली सपाट पृथ्वी आणि भास्कराचार्यादिकांच्या सिद्धांतांतील गोल पृथ्वी यांत उघड विरोध आहे आणि या विरोधात सिद्धांतच ग्राह्य धरला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याला यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे यांनी ‘अविरोधप्रकाश’ या संस्कृत ग्रंथाने उत्तर दिले. ग्रंथाच्या नावातच त्यांची भूमिका व्यक्त झाली आहे : पुराण व सिद्धांत यांत विरोध नाही, योग्य अर्थ लावल्यास दोन्हींचा मेळ बसतो.

हे दोघेही पंडित परंपरानिष्ठ हिंदू होते. श्रद्धेचा त्याग कोणीही केला नव्हता. तरीही एकाने ‘विरोध आहे, म्हणून निवड करावी’ असे म्हटले आणि दुसऱ्याने ‘विरोध नाही, म्हणून समन्वय करावा’ असे म्हटले. पुढील काळात उत्क्रांतीच्या संदर्भात मराठी श्रद्धावंतांनी घेतलेल्या बहुतेक भूमिकांची पूर्वरेषा या वादात दिसते.

याच काळात ख्रिस्ती मिशनऱ्यांनीही पाश्चात्त्य भूगोल-खगोलाचा उपयोग पुराणांवर टीका करण्यासाठी केला. जुन्नरच्या शेजारच्या अहमदनगर येथून अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने हे कार्य सातत्याने केले. मिशनरींच्या दृष्टीने निसर्गाचे ज्ञान हे ख्रिस्ती निर्मात्याकडे नेणारे होते. मात्र जे शस्त्र त्यांनी पुराणांविरुद्ध उगारले, त्याच शस्त्राने भूशास्त्र व जीवशास्त्र पुढे बायबलच्या शब्दशः अर्थालाही छेद देणार होते. निसर्गविज्ञान कोणत्याही एका धर्माच्या पक्षाने कायमचे उभे राहत नाही, हा या घटनाक्रमाचा बोध होय.

ब्रह्मदेव आणि ‘निर्मिक’ : सत्यशोधक भूमिका

डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ साली आणि मानवाच्या उत्पत्तीचा विचार करणारा ‘डिसेंट ऑफ मॅन’ १८७१ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या ग्रंथात सर्व मानववंश एकाच पूर्वजसमूहापासून आले असल्याचे डार्विनने प्रतिपादन केले. त्यानंतर दोन वर्षांनी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. या ग्रंथांत प्रभावाचे नाते जोडण्याचा येथे हेतू नाही. लक्षणीय आहे ती त्यांच्या प्रश्नांची समांतरता. ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या लोकांना उद्देशून आहे आणि ग्रंथाचा आरंभच उत्पत्तीच्या कथेच्या चिकित्सेने होतो. ब्रह्मदेवाच्या मुखापासून ब्राह्मण, बाहूंपासून क्षत्रिय, मांड्यांपासून वैश्य आणि पायांपासून शूद्र जन्मले, या मनुस्मृतीतील वृत्तांतावर जोतीराव व धोंडिबा यांच्या संवादातून प्रश्न विचारले जातात. ही कथा खरी असेल, तर इंग्रजादी लोकांच्या उत्पत्तीचा उल्लेख मनूने का केला नाही, हा त्यांतील एक मार्मिक प्रश्न आहे.

फुले हे उत्क्रांतिवादी नव्हते आणि नास्तिकही नव्हते. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या आणि टॉमस पेनच्या विचारांनी प्रभावित झालेल्या फुल्यांनी सृष्टीच्या कर्त्याला ‘निर्मिक’ असे संबोधले. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त या निर्मिकाने अनंत सूर्यमंडळे व त्यांवरील प्राणिमात्र निर्माण केले आणि सर्व स्त्री-पुरुषांना समान हक्क दिले, अशी मांडणी आहे. निर्मितीवर त्यांचा विश्वास होता. त्यांनी नाकारली ती विभक्त निर्मिती, म्हणजे माणसामाणसांत जन्मतः भेद करणारी उत्पत्तीची कथा.

याच सुमारास, १८७५ साली, स्वामी दयानंद सरस्वती यांची पुण्यात व्याख्याने झाली. वेदप्रामाण्य मानणाऱ्या दयानंदांची उत्पत्तिविषयक मांडणी पुराणांहून भिन्न होती. सृष्टीच्या आरंभी मनुष्ये तरुण अवस्थेत निर्माण झाली आणि आरंभी मनुष्यजात एकच होती, असे त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘सत्यार्थप्रकाशा’त मांडले. दयानंदांच्या पुण्यातील मिरवणुकीस सनातनी मंडळींनी विरोध केला, तेव्हा रानडे यांच्यासह फुले व त्यांचे सहकारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. वेद प्रमाण मानणारा आणि वेद प्रमाण न मानणारा असे दोन श्रद्धावंत काही काळ एका बाजूस आले, याचे एक कारण माणसाच्या जन्मसिद्ध उच्चनीचतेस दोघांचाही असलेला विरोध हे होय.

सत्यशोधक विचाराला जुन्नर तालुक्यात, विशेषतः ओतूर येथे, मोठा आधार मिळाला. तेथील बाळाजी कुसाजी पाटील यांच्याकडील विवाह ब्राह्मण पुरोहिताविना झाले आणि त्यावरून ग्रामजोशांनी आपल्या परंपरागत हक्कासाठी दावा लावला. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले व ‘वामन जगन्नाथ जोशी विरुद्ध बाळाजी कुसाजी पाटील’ या नावाने निर्णयसंग्रहात नोंदले गेले. वरवर पाहता हा दक्षिणेचा व वतनी हक्काचा तंटा होता. तथापि पुरोहिताचा हक्क ज्या सामाजिक क्रमावर उभा होता, त्याचे समर्थन अखेरीस उत्पत्तीच्या कथेतूनच होत असे. ओतूरच्या शेतकऱ्यांनी लग्नमंडपात जे केले, ते ‘गुलामगिरी’च्या पहिल्या प्रकरणातील प्रश्नांचे आचरणातील उत्तर होते.

शाळेच्या संदर्भात फुल्यांची भूमिका तितकीच स्पष्ट होती. हंटर आयोगापुढे १८८२ साली सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण बहुजनांपर्यंत नेण्याची, शेतकरी वर्गांतून शिक्षक तयार करण्याची आणि अभ्यासक्रमात शेती, आरोग्य व नीती यांचे प्राथमिक पाठ असण्याची मागणी केली. काय शिकवावे आणि कोणी शिकवावे, हे दोन प्रश्न त्यांच्या दृष्टीने अविभाज्य होते.

दशावतार, सांख्य आणि समन्वयाचा मार्ग

एकाच पुराणकथेचे श्रद्धावंतांनी किती भिन्न अर्थ लावले, हे दशावताराच्या उदाहरणावरून दिसते. ‘गुलामगिरी’त मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह व वामन हे अवतार बळीच्या प्रजेवर बाहेरून चालून आलेल्या टोळ्यांचे म्होरके म्हणून वर्णिले आहेत. मासा हे फुल्यांच्या मते जलमार्गाने आलेल्या आक्रमकाचे रूपक होते. पुढे चार वर्षांनी, १८७७ साली, थिऑसॉफीच्या प्रवर्तक ब्लाव्हाट्स्की यांनी आपल्या ग्रंथात याच मालिकेचा संबंध डार्विनच्या सिद्धांताशी जोडला : जलचर, उभयचर, भूचर, अर्धमानव आणि मानव असा हा विकासक्रम होय, असे त्या अर्थाचे स्वरूप होते. १८७९ साली त्या मुंबईस आल्या. आजही शिक्षकांच्या बोलण्यात व गणेशोत्सवातील व्याख्यानांत दशावताराचा हा दुसरा अर्थ वारंवार ऐकू येतो, तर पहिला क्वचितच.

समन्वयाचा अधिक गंभीर व तात्त्विक प्रयत्न लोकमान्य टिळकांनी केला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’तील ‘विश्वाची उभारणी व संहारणी’ या प्रकरणात सांख्यांच्या गुणपरिणामवादाची तुलना त्यांनी डार्विन व हेकेल यांच्या उत्क्रांतिविचाराशी केली. अव्यक्त प्रकृतीपासून क्रमाक्रमाने व्यक्त सृष्टी विस्तारते, या सांख्य कल्पनेमुळे उत्क्रांतीचा विचार भारतीय वाचकास परका वाटू नये, अशी त्यामागील दृष्टी होती. याचा एक लाभ निश्चित झाला. सुशिक्षित मराठी हिंदू समाजात उत्क्रांती ही धर्मविरोधी कल्पना म्हणून सहसा पाहिली गेली नाही.

परंतु समन्वयाच्या या मार्गाला एक मर्यादाही आहे. सांख्य दर्शन हे विश्वाच्या तत्त्वांचा क्रम सांगते. डार्विनचा सिद्धांत सजीवांतील बदल, त्यांची आनुवंशिकता आणि परिस्थितीतील त्यांचे भिन्न यश यांवरून जातींची निर्मिती स्पष्ट करतो आणि त्यासाठी निरीक्षणांचा पुरावा देतो. दोन्हींत क्रम आहे म्हणून दोन्ही एकच होत नाहीत. ‘हे आमच्याकडे पूर्वीपासून होते’ असे म्हटले की, सिद्धांत स्वीकारल्याचे समाधान मिळते आणि पुरावा तपासण्याची निकड मात्र उरत नाही. दशावताराला उत्क्रांती म्हणणाऱ्या शिक्षकाचे विद्यार्थी डार्विनचा आदर करतील, पण नैसर्गिक निवड म्हणजे काय हे त्यांना सांगता येईलच असे नाही. शिवाय विकासक्रमाच्या चढत्या शिडीची ही प्रतिमा उत्क्रांतीचे मूळ रूपच झाकते. उत्क्रांती ही फांद्या फुटत जाणाऱ्या वृक्षासारखी आहे. तिच्यात एक जात दुसरीपेक्षा ‘वरची’ ठरत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ आणि अभ्यासक्रमातील वाद

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार संपूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शैक्षणिक संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत भेद केला व दुसऱ्यास मान्यता दिली. या चौकटीत उत्क्रांतीचा पाठ विज्ञानाच्या पुस्तकात आणि उत्पत्तीच्या कथा भाषा-संस्कृतीच्या अभ्यासात, अशी विभागणी सर्वसाधारणपणे रूढ झाली आणि दीर्घकाळ तिच्याविरुद्ध मोठा आवाज उठला नाही.

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे वैदिक संमेलनाच्या निमित्ताने केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा असून शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात त्यानुसार बदल व्हावा, असे विधान केले. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कोठेही सांगितले वा लिहिलेले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदनाद्वारे या विधानाचे खंडन केले आणि खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी अशी विधाने टाळण्याचा सल्ला दिला. हा युक्तिवाद मूलतः शब्दप्रामाण्याचा आहे. पूर्वजांनी पाहिले वा लिहिले तेच प्रमाण, हा त्याचा गाभा होय. जुलै २०१९ मध्ये लोकसभेत बोलताना सिंह यांनी आपण ऋषींची संताने आहोत, असे पुन्हा प्रतिपादन केले. त्यावर कनिमोळी यांनी, आपले पूर्वज ऋषी नव्हते, ते विज्ञान सांगते त्याप्रमाणे होमो सेपियन होते आणि आपले आईवडील शूद्र आहेत, अशा आशयाचे उत्तर दिले.

या दोन वक्तव्यांत ‘गुलामगिरी’तील संवादाचा प्रतिध्वनी सहज ऐकू येतो. ऋषींपासून वंश सांगणे म्हणजे गोत्र सांगणे, आणि गोत्राची ही मांडणी सर्वांना सारखी उपलब्ध नव्हती. म्हणूनच उत्क्रांतीवरील आक्षेपाला संसदेत मिळालेले उत्तर जीवशास्त्राइतकेच सामाजिक होते. जवळजवळ दीडशे वर्षांनंतरही प्रश्न तोच राहिला : सर्वांचे पूर्वज एक की वेगवेगळे?

त्याच वर्षी, २०१८ मध्ये, बालभारतीने प्रसिद्ध केलेल्या इयत्ता दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पाठ्यपुस्तकाचे पहिलेच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे होते. त्यात बाह्यरूपीय, शरीरशास्त्रीय व भ्रूणवैज्ञानिक पुरावे, अवशेषांगे, जीवाश्म, जोडणारे दुवे, नैसर्गिक निवड आणि मानवाची उत्क्रांती यांचा समावेश होता. याउलट राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने अभ्यासक्रमाचा भार कमी करण्याच्या कारणास्तव दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळला. २०२३ च्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ ऐवजी केवळ ‘आनुवंशिकता’ उरली. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व शिक्षणतज्ज्ञांनी जाहीर पत्राद्वारे त्याचा निषेध केला. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे, असे परिषदेच्या बाजूने सांगण्यात आले. मात्र दहावीनंतर जीवशास्त्र न घेणारा विद्यार्थी त्या प्रकरणापर्यंत पोहोचतच नाही. मंचर किंवा नारायणगावसारख्या एकाच गावातील दोन मुलांपैकी राज्य मंडळाच्या शाळेतील मुलास मानवाच्या उत्पत्तीचा पाठ मिळावा आणि केंद्रीय मंडळाच्या शाळेतील त्याच्या शेजाऱ्यास तो मिळू नये, अशी विषमता त्यातून निर्माण झाली.

बोरीचा पुरावा

जुन्नर तालुक्यातील शिक्षकाला या विषयासाठी दूरच्या उदाहरणांवर अवलंबून राहण्याची गरज नाही. कुकडीकाठच्या बोरी येथे नदीच्या गाळथरांत ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि ॲश्युलियन परंपरेची दगडी हत्यारे आढळली असून, १९८० च्या दशकापासून पुण्यातील संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला आहे. ही राख जवळच्या कोणत्याही ज्वालामुखीची नाही. सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. राखेच्या रासायनिक घटकांवरून तिचा संबंध इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी जोडला गेला.

राखेच्या कालनिश्चितीविषयी संशोधकांत तीव्र मतभेद झाले. आरंभीच्या एका मापनाने तिचे वय सुमारे १४ लाख वर्षे दिले, नंतरच्या मापनाने सुमारे ६.७ लाख वर्षे, तर राखेतील काचकणांच्या रासायनिक तुलनेवरून ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असल्याचे प्रतिपादन झाले. हत्यारांचे वय ठरविणे या निर्णयावर अवलंबून असल्याने हा वाद महत्त्वाचा होता. शिक्षणाच्या दृष्टीने त्याचे मोल आणखी वेगळे आहे. येथे मतभेद आहेत, परंतु प्रत्येक पक्षाने आपले नमुने, पद्धती व आकडे समोर ठेवले आणि प्रतिपक्षास ते तपासण्याची मुभा दिली. ‘वैज्ञानिकांचेही एकमत नाही’ हा उत्क्रांतीवरील नेहमीचा आक्षेप किती अपुरा आहे, हे बोरीच्या उदाहरणाने विद्यार्थ्यास समजू शकते. मतभेद कालगणनेच्या तपशिलाविषयी होते. नदीकाठी अतिप्राचीन काळी हत्यारे घडविणारा मानव वावरत होता, हे कोणत्याही पक्षाने नाकारले नाही.

ही हत्यारे करणाऱ्यांना जात नव्हती, गोत्र नव्हते. जुन्नरच्या भूमीवरील मानवी वास्तव्याचा हा आरंभ नाणेघाटाच्या लेखापेक्षा आणि कोणत्याही ग्रंथापेक्षा कितीतरी जुना आहे. तो कोणा एका समाजाचा वारसा ठरत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मराठी प्रदेशात उत्पत्तीविषयीचा वाद मुख्यतः श्रद्धावंतांमध्ये झाला. सुबाजी बापू आणि यज्ञेश्वर, फुले आणि ग्रामजोशी, दयानंद आणि सनातनी, यांपैकी कोणीही श्रद्धाहीन नव्हता. परदेशातही असेच दिसते. शाळेत ‘बुद्धिमान योजने’चा सिद्धांत आणण्यास प्रतिबंध करणाऱ्या डोव्हर येथील २००५ च्या खटल्यात उत्क्रांतीच्या बाजूने साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर हे श्रद्धावान कॅथलिक होते. दुसरी, या वादात वेळोवेळी पणास लागले ते मानवाचे एकत्व. उत्पत्तीच्या कथेने माणसांची उतरंड सिद्ध होते की समानता, हा प्रश्न अग्गञ्ञसुत्तापासून लोकसभेतील चर्चेपर्यंत सलग दिसतो. तिसरी, विरोध आणि समन्वय या दोन्ही मार्गांत पुरावा बाजूस पडण्याचा धोका आहे. विरोधक पुरावा नाकारतो, तर समन्वयवादी तो अनावश्यक ठरवतो.

यावरून अध्यापनासाठी एक दिशा सुचते. उत्क्रांतीचा पाठ शिकविताना विद्यार्थ्याने लेण्याद्रीची वारी सोडावी अथवा आळ्याच्या समाधीपुढे हात जोडू नयेत, अशी अपेक्षा करण्याचे कारण नाही. निर्मिक मानणारा मनुष्यही मानवाची समान उत्पत्ती आग्रहाने मांडू शकतो, हे ओतूरच्या सत्यशोधकांनी दाखवून दिले आहे. त्याच वेळी दशावताराच्या सोयीस्कर दाखल्यावर हा पाठ उरकणेही योग्य नाही. पुरावा पुराव्याच्या ठिकाणी आणि कथा कथेच्या ठिकाणी शिकविली गेली, तर दोहोंचा मान राहतो.

अभ्यासक्रमातून उत्क्रांती गाळली जाते, तेव्हा जीवशास्त्राचे एक प्रकरण कमी होते एवढेच घडत नाही. सर्व माणसे एकाच मुळाची आहेत, हे पुराव्यानिशी सांगणारा शाळेतील सर्वांत भक्कम पाठ त्याबरोबर जातो. ज्या तालुक्यातील शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात याच तत्त्वासाठी उच्च न्यायालयापर्यंत लढा दिला, तेथील महाविद्यालयांनी व शाळांनी हा पाठ जपण्याची जबाबदारी विशेषत्वाने स्वीकारणे इतिहासाला धरून होईल.